घाटाला घड्याळ लावणारी अंजना

जुन्नर-आंबेगावकडे नव्या माणसाला आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "गाडा पळतो का?" म्हणजे दारात शर्यतीचा बैलगाडा आहे का. असेल तर चहा लगेच येतो. नसेल तर तोही येतो, पण सावकाश.

अंजना जन्मली ती गाडा पळणाऱ्या घरात. पिंपरी पेंढारच्या गेणभाऊंची ही थोरली. गेणभाऊंच्या दावणीचे बैल दुधावर आणि अंड्यांवर वाढलेले, आणि घरातल्या पोरांना उरलं तर. अंजना हे हसत सांगायची, पण बैल आजारी पडला तर सगळ्यांत आधी गोठ्यात तीच जायची. शाळेत हुशार निघाली म्हणून वडिलांनी तिला पुण्याला हॉस्टेलवर ठेवलं. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. भावकीतली माणसं म्हणाली, पोरीला वायरमन करणार का? गेणभाऊ म्हणाले, "व्हऊ द्या की. आपल्या मोटारीचं स्टार्टर तरी नीट ऱ्हाईल."

लग्न जमलं तेही बैलांमुळे. घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेवर शिनोली आहे. तिथले रखमाजी अण्णा एका यात्रेत गेणभाऊंच्या बैलांभोवती तासभर फिरले, त्यांच्या खुरांपासून वशिंडापर्यंत सगळं पाहिलं आणि मग म्हणाले, "भाऊ, बैल असं राखलंय, तर लेक कशी राखली असंल! हाय का कुणी लग्नाची?" अशी ही सोयरीक. अण्णांचा मुलगा आदेश भीमाशंकर रस्त्यावर जीप चालवायचा. शहाण्णव साली अंजना शिनोलीला नांदायला आली आणि वर्षा-दोन वर्षांत तिने घोडेगावात बन्सीलाल शेठच्या कापडदुकानामागच्या गाळ्यात कॉम्प्युटर क्लास काढला. शेठ जैन. बैल पळवणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं, पण अंजनाला ते लेकीसारखं मानायचे.

आता घाटाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घाट म्हणजे मातीचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी फुललेला चढ. इकडच्या शर्यतीत दोन गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. पुढे घोडी, मागे चार बैल, आणि माइकवरून आरोळी, "झाली, झाली, भिर्रर्र!" चढायला ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागतो तो त्या दिवशीचा घाटाचा राजा. म्हणजे सगळा कारभार घड्याळावर. आणि ते घड्याळ असायचं कुणाच्या तरी अंगठ्याखाली. खाली निशाण पडलं की वर बसलेल्याने बटण दाबायचं, बैल रेषेवर आले की पुन्हा दाबायचं. माणूस सकाळी जेवढ्या चपळाईने बटण दाबतो तेवढ्या चपळाईने मटणाच्या जेवणानंतर दाबत नाही, हे कळायला डिप्लोमा लागत नाही. पण घाटात हे बोलायची सोय नव्हती.

दोन हजार दोनच्या चैत्रात खंडोबाच्या यात्रेत हा अंगठा दोघा व्याह्यांच्या मधे आला. गेणभाऊ आणि रखमाजी अण्णा, दोघांचेही गाडे राजा होण्याच्या जवळ. वर दोन घड्याळवाले बसलेले. एकाच्या घड्याळात पिंपरीचा गाडा पुढे, दुसऱ्याच्या घड्याळात शिनोलीचा. गेणभाऊ बोलून गेले की घड्याळवाला शिनोलीचा मिंधा आहे. अण्णा म्हणाले, पिंपरीचा माणूस सोयऱ्याच्या पंगतीतसुद्धा घास मोजून वाढतो. मग काठ्या उचलल्या गेल्या, दोन्हीकडची डोकी फुटली, आणि पुढच्या वर्षी यात्रेच्या गावाने घाट भरवलाच नाही.

घरी आल्यावर अण्णांनी ओसरीत उभं राहून जाहीर केलं, "त्या दाराला या घरचा पाय लागायचा न्हाई."

या घरचा पाय म्हणजे अंजनाचाच पाय, दुसऱ्या कुणाला पिंपरीला जायचं होतं? नागपंचमी गेली, दिवाळी गेली. भाऊबीजेला भाऊ घोडेगावात आला आणि तिने त्याला ओवाळलं ते बन्सीलाल शेठच्या दुकानात, कापडाच्या ठाणांच्या मधे. शेठनी गिऱ्हाइकांना बाहेर थांबवलं होतं. दुसऱ्या वर्षीही तेच. आईची तर भेटच नाही. अंजना रडणाऱ्यांतली नव्हती, तिला राग यायचा. सासऱ्याचा यायचा, बापाचा त्याहून जास्त यायचा, आणि सगळ्यांत जास्त यायचा त्या अंगठ्याचा.

मधल्या काळात ती क्लासच्या मुलींना घेऊन खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण पाहायला गेली होती. विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना आत सोडतात. मुली त्या अवाढव्य तबकड्या पाहून हरखल्या. अंजनाची नजर मात्र एका लहानशा डब्यावर खिळली. समजावून सांगणारे गृहस्थ म्हणाले की आकाशात वाट दाखवणारे उपग्रह फिरतात, त्यांच्या पोटात अतिशय अचूक घड्याळं असतात, आणि ते सारखी वेळ सांगत असतात. ती वेळ हा डबा ऐकतो आणि इथले संगणक तिच्यावर लागतात. अंजनाने विचारलं, "दोन संगणक लांब लांब असले, मधे वायर नसली, तरी दोघांची वेळ एक राहील?" ते म्हणाले, "एक या देशात आणि एक दुसऱ्या देशात असला तरी राहील."

घरी आल्यावर तिने आदेशला सांगितलं, "मला माझं माहेर कसं मिळवायचं ते कळलंय."

आदेशला बायकोची बरीच वाक्यं पहिल्या झटक्यात कळत नसत. तो फक्त म्हणाला, "जीप लागंल का?"

जीप लागली, आणि बरंच काही लागलं. बन्सीलाल शेठच्या मुंबईतल्या भाच्याने उपग्रहांची वेळ ऐकणारे तसलेच दोन डबे, म्हणजे रिसीव्हर, मिळवून दिले. त्यांचे अँटेना काडेपेटीएवढे, तळाला लोहचुंबक. शेठ म्हणाले, "मी तर सांगतो, बैल पळवूच नका. पण पळवणारच असाल तर निदान खोटं बोलू नका." अंजनाने घाटाच्या खाली एक संगणक आणि वर एक, अशी मांडणी ठरवली. दोन्हीकडे रस्त्याला आडवा एक न दिसणारा किरण. किरण तुटला की संगणक ती वेळ टिपणार. घोडी आधी जाते, बैल मागून. म्हणून पहिली तूट घोडीची, धरायची ती दुसरी. वरच्या वेळेतून खालची वेळ वजा केली की बारी निघाली. आधी तिने मधे वायर टाकून पाहिली होती, ती पहिल्याच बैलाने तोडली. मग वायरलेस करून पाहिलं, तर माइक सुरू झाला की ते भलत्याच वेळी किंचाळायचं. उपग्रहांना ना बैलांचं भय ना माइकचं. चाचणीसाठी डिंभ्याच्या कालव्याच्या रस्त्यावर आदेशने किरणांमधून मोटारसायकल इतक्या वेळा पळवली की धरणावर मासे धरणारे लोक विचारायला लागले, ह्याला झालंय तरी काय.

दोन हजार चारच्या यात्रेआधी ती थेट यात्रा कमिटीपुढे जाऊन उभी राहिली. बाई घाटाच्या कामात, हेच अर्ध्यांना पचेना. एक म्हातारा म्हणाला, "आभाळातलं घड्याळ? मंग ढग आलं तर?"

"ढगातून दिसतं त्याला," अंजना म्हणाली. "बाबा, तुमी घड्याळ कशावर लावता?"

"रेडिओच्या बातम्यांवर."

"आन् शेजारचा?"

"त्यो बी."

"मंग दोघांचं जुळतं ना? हे तसंच हाय. फक्त हे दर सेकंदाला लावून घेतं."

म्हाताऱ्याने मान डोलावली. कमिटीलाही दुसरा मार्ग नव्हता, काठ्यांपेक्षा सून बरी. पण खरी बोलणी अजून व्हायची होती, ती घरात झाली. अंजना अण्णांसमोर बसली आणि म्हणाली, "अण्णा, पिंपरीचा गाडा बी येणार हाय आन् आपला बी. दिवस मावळेपर्यंत माझ्या घड्याळाच्या निकालावर भांडण झालं न्हाई, तर माझं माहेर मला परत द्यायचं."

अण्णांनी पानाला चुना लावता लावता वर पाहिलं. "आन् झालं तर?"

"तर मी परत त्या घराचं नाव काढणार न्हाई."

आदेशच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. अण्णांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "बोललीस. ध्यानात ठेव."

यात्रेच्या दिवशी सकाळपासून घाट माणसांनी गच्च. वरच्या टोकाला पत्र्याची शेड, तिच्यात टेबलावर अंजनाचा संगणक, छपरावर अँटेना. खालच्या टोकाला आदेश. तो त्याच्याकडची वेळ वॉकीटॉकीवर वाचून दाखवायचा आणि अंजना वजाबाकी करून आकडा माइकवाल्याला द्यायची. माइकवर पप्पू. हा पप्पू मेलेल्या बैलालाही शेपूट उचलायला लावील अशी ख्याती. पहिल्या बाऱ्यांनाच तो सेकंदाचे शंभरावे हिस्से पुकारू लागला आणि लोकांना ते फारच आवडलं. जराशा फरकाने मागे-पुढे ठरलेले दोन गाडामालक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहाला गेले. असं या घाटात कुणी पाहिलं नव्हतं.

उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला अण्णांचा गाडा सुटला. बैल असे आले की रेषेवरची माणसं मागे कोलमडली. दिवसातली सगळ्यांत चांगली बारी. अण्णांचा फेटा तिरपा झाला होता. ते शेडजवळ आले, सुनेकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले. अंजनाला वाटलं, मनातून खूश आहेत.

दुपारनंतर मात्र तिला काहीतरी खटकू लागलं. एक गाडा आला, बरा होता, पण आकडा फारच चांगला निघाला. दुसरा आला, त्याचंही तेच. अंजना लहानपणापासून बैलांत वाढलेली. दुपारनंतर घाटाची माती मोकळी होते, खूर रुततात, ऊन बैलांना खातं, आणि बाऱ्या मंदावतात. इथे तर उलटंच चाललं होतं. तिने सगळ्या जोडण्या तपासल्या, त्या ठीक होत्या. तेवढ्यात खाली पिंपरीचा गाडा जुंपला गेला.

गेणभाऊंचे बैल सुटले. धुळीचा लोट वर आला, किरण तुटला, आदेशने वेळ वाचली, अंजनाने वजाबाकी केली. आकडा अण्णांच्या आकड्यापेक्षा कमी होता. थोडासाच, पण कमी. पप्पूने तो हातातून ओढूनच घेतला आणि पुकारला, "पिंपरी पेंढारच्या गेणभाऊंचा गाडा, आजचा घाटाचा राजा!" पिंपरीची माणसं नाचायला लागली. भंडाऱ्याने आभाळ पिवळं झालं. अंजनाने गर्दीत अण्णांना शोधलं. ते काळवंडले होते, पण हाताची घडी घालून गप्प उभे होते. घड्याळावर त्यांनी बोट ठेवलं नव्हतं.

म्हणजे ती जिंकली होती. बाप राजा, सासरा गप्प, माहेर मोकळं. तिला फक्त बसून राहायचं होतं.

तिला बसवेना. बापाचे बैल तिने पाहिले होते. चांगले आले, पण एवढे नाही. तिने टेबलाखाली वाकून रिसीव्हर पुढे ओढला. त्यावर एक हिरवा दिवा असतो. आभाळ ऐकू येत असेल तर तो सेकंदासेकंदाला लुकलुकतो. दिवा बंद होता. म्हणजे उपग्रह ऐकू येत नव्हते, आणि वरचा संगणक आपल्या मनाने वेळ मोजत बसला होता. उन्हात तापलेलं त्याचं घड्याळ हळूहळू मागे पडत चाललं होतं, आणि घड्याळ जेवढं मागे तेवढी बारी कमी दिसत होती.

सांगितलं तर भांडण होणार, भांडण झालं तर माहेर गेलं. न सांगितलं तर कुणाला कधी कळणारही नाही. ती उठली आणि पप्पूच्या हातातून माइक घेतला.

"बाऱ्या थांबवा. घड्याळ मागं पडलंय, आकडं कमी दावतंय."

घाट असा उसळला की शेडचा पत्रा थरथरला. "सासरची बाजू घेती व्हय?" पिंपरीकडून कुणीतरी ओरडलं. अंजनाने पदर खोचला, शिडी लावली आणि सगळ्या घाटादेखत छपरावर चढली.

अँटेनावर एक तांब्याचं ताम्हण पालथं घातलेलं होतं. लाल दोऱ्याने घट्ट बांधलेलं, वर हळदीकुंकू, आणि दोऱ्याला लिंबू-मिरच्या. धातूच्या झाकणाखालच्या अँटेनाला आभाळ कसं ऐकू येणार? तिने दोरा तोडला, ताम्हण हातात घेतलं, आणि ओळखलं. रोज सकाळी ती ते स्वतः घासत होती. शिनोलीच्या घरच्या देवघरातलं ताम्हण, सकाळी बैलांच्या पूजेसाठी घाटात आणलेलं.

तिने ताम्हण सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"माझं हाय ते!" खालून अण्णांचा आवाज आला. गर्दी बाजूला झाली. अण्णा पुढे आले, मान खाली. "माझी बारी झाल्यावर, सून जेवायला उठली तवा मीच चढलो व्हतो. सगळी दुनिया यंत्राकडं बघत व्हती. म्हटलं दृष्ट लागंल. आन् भंडारा उधळत्यात, त्यो पडला तर बिघडंल. म्हणून झाकलं."

"झाकलं न्हाई, डाव केला!" पिंपरीचा एक जण काठी घेऊन पुढे सरसावला. "आमच्या गाड्याला पाडायला केलं!" शिनोलीच्या काठ्याही वर झाल्या. दोन वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा होणार होतं, आणि ह्या खेपेला तिच्यामुळे.

तेवढ्यात गेणभाऊ मधे येऊन उभे राहिले.

"काठी खाली घे रं," ते त्या माणसाला म्हणाले. "डोकं हाय का त्या फेट्याखाली? ह्यांनी ताम्हण ठिवलं म्हणून घड्याळ मागं पडलं. घड्याळ मागं पडलं म्हणून मी राजा झालो. असला डाव कुणी करतं व्हय, सोयऱ्याला जिंकवायचा?"

आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळा घाट. पप्पूने माइकवरून डरकाळी फोडली, "सोयरीक निभवावी तर अण्णांनी राव, स्वतः हारून व्याह्याला जिंकवला!" अण्णांना हसू आवरेना. काठीवाला काठी पाठीमागे लपवत होता.

अंजना छपरावरून म्हणाली, "ताम्हण ठेवल्यापासूनच्या बाऱ्या धरायच्या न्हाईत. किती चुकलं त्याचा हिशेब मी लावू शकते, पण अंदाजाचा निकाल मी देणार न्हाई. ते गाडे परत पळतील, आन् टेबलावरचा हिरवा दिवा लुकलुकत असंल तरच आकडा खरा धरायचा." मग वडिलांकडे पाहत हळूच, "भाऊ, तुमचा बी."

गेणभाऊंनी बैलांकडे पाहिलं. दमलेले होते. म्हणाले, "लेकीनं सांगितलं, मंग पळायचं."

"थांबा पावणं!" अण्णा म्हणाले. "तुमचं दमल्यालं बैल आन् माझा ताज्या बैलांचा आकडा, हे काय खरं न्हाई. माझी बी बारी कापा. दोघं बी परत पळू."

असा प्रकार त्या घाटाने आधी कधी पाहिला नव्हता. स्वतःची चांगली बारी कोण कापून देतो? लोकांनी दोघांच्या बैलांना पाणी आणलं, पिंपरीच्या बैलांना शिनोलीच्या पोरांनी वारा घातला. उन्हं कलली तेव्हा बाऱ्या सुरू झाल्या. बाकीचे गाडे झाले. मग अण्णांचा गाडा पळाला, आकडा निघाला. मग गेणभाऊंचा. किरण तुटला. आदेशचा आवाज वॉकीटॉकीवर फाटला होता. अंजनाने वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि पप्पूला न देता स्वतःच आकडा वाचला. पिंपरीचा गाडा पुढे होता, सेकंदाच्या काही शंभराव्या हिश्शांनी.

सगळे अण्णांकडे पाहत होते. अण्णा सावकाश शेडमध्ये आले, टेबलाजवळ वाकले. आकड्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"दिवा लुकलुकतोय का?"

"लुकलुकतोय, अण्णा."

"मंग हारलो," अण्णा म्हणाले, आणि भंडाऱ्याची मूठ भरून त्यांनी गेणभाऊंच्या कपाळाला अशी फासली की व्याह्यांना शिंकच आली. मग घाट फुटला. ढोल, हलग्या, भंडारा, कोण कुणाच्या गावचा कळेना. त्या गोंधळात माणसांनी अंजनाला खुर्चीसकट उचललं. ती खाली ठेवा म्हणून ओरडत होती आणि हसत होती, आणि दोन वर्षांचं रडू तिला तिथेच, सगळ्यांदेखत आलं.

पुढे पाच-सहा वर्षं तिची घड्याळं जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घाटांवर गेली. छपरावर चढायला मनाई असा बोर्ड ती प्रत्येक ठिकाणी लावायची. पण लोक आजही सांगतात ती त्या संध्याकाळची गोष्ट. गेणभाऊंचा टेम्पो भरत होता. अण्णांनी सुनेला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यंत्र हितं ऱ्हाऊ दे, आदेश बघंल. तू टेम्पोत बस."

"अण्णा, पिशवी तरी भरून आणते घरून."

"पिशवी मागनं धाडतो. तुझी आई दोन वर्सं वाट बघती, आन् तू लुगड्यांच्या घड्या करीत बसणार व्हय? जा. आन् पंधरा दिवस माघारी यायचं न्हाई."

अंजना भंडाऱ्याने माखलेल्या साडीनेच बैलांच्या शेजारी टेम्पोत चढली.